सोळा आण्यांची माती

स्वारगेटला सोलापूरकडे जाणाऱ्या गाडीत बसलो तेव्हा सहा वाजून गेले होते. मेचा दुसरा आठवडा. हडपसर सोडेपर्यंतच खिडकीचा पत्रा हाताला चटका देऊ लागला. एसटीचं ब्रीदवाक्य लहानपणापासून डोळ्यांखालून गेलेलं आहे: बहुजन हिताय, बहुजन सुखाय. बुद्धाने भिक्खूंना गावोगाव फिरायला सांगितलं, त्या उपदेशातले हे शब्द. मी निघालो होतो ते ह्या शब्दांच्या एका विलायती भावंडाचा माग काढायला. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात ‘गीतारहस्य’ लिहिताना त्याला चोख मराठी नाव दिलं होतं: पुष्कळांचे पुष्कळ सुख. पाठ्यपुस्तकं त्यालाच उपयुक्ततावाद म्हणतात.

हा विचार मांडणारा जेरेमी बेंथॅम लंडनचा कायदेपंडित, जन्म १७४८ चा. नीती आणि कायद्याच्या तत्त्वांवरचा त्याचा ग्रंथ १७८९ साली प्रसिद्ध झाला. तेव्हा पुण्यात सवाई माधवरावांची पेशवाई होती आणि बारामतीत मोरोपंत आर्या रचत होते. बेंथॅमचं म्हणणं असं: एखादा कायदा चांगला की वाईट हे रूढीवरून किंवा राजाच्या मर्जीवरून ठरवू नका. त्याने किती माणसांना किती सुख झालं आणि किती दुःख झालं, त्याची वजाबाकी करा. सुख मोजायची सात मापंही त्याने दिली. ते किती तीव्र, किती टिकाऊ, किती खात्रीचं, किती लवकर हाती येणारं, त्यातून आणखी सुख उपजेल का, त्यात दुःखाची भेसळ किती, आणि ते किती जणांपर्यंत पोचेल. ह्या हिशेबात सरदाराचं सुख एक आणि त्याच्या मोतद्दाराचंही एकच. अठराव्या शतकात हे बोलायला छाती लागत होती. तुरुंगांच्या आणि शिक्षांच्या अमानुष कायद्यांविरुद्ध बेंथॅम झगडला तो ह्याच हिशेबाच्या जोरावर. मला हा माणूस आवडतो, हे आधीच सांगून टाकतो. पुढे जे लिहिणार आहे ते त्याच्या वैऱ्याने लिहिलेलं नाही.

ह्या विचाराची एक मोठी परीक्षा पुणे जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, इंदापूर तालुक्यात झाली. एरिक स्टोक्स ह्या इतिहासकाराने इंग्रज उपयुक्ततावादी आणि हिंदुस्थान ह्या विषयावर १९५९ साली ग्रंथ लिहिला, त्यात ती हकीकत आहे. बेंथॅमचं नाव कॉलेजात शिकलो होतो, इंदापूरचं नाव पालखीच्या मुक्कामामुळे माहीत होतं. ही दोन नावं एका गोष्टीतली आहेत हे कळलं, तेव्हाच हा रस्ता पायाखाली घालायचं ठरवलं.

पण इंदापूर शेवटी. आधी चौफुल्याला उतरलो आणि मोरगावकडे जाणारी जीप धरून सुप्याला गेलो. पुणे आणि सुपे अशी जी जोडनावाची जहागीर शहाजीराजांची म्हणून आपण वाचतो, त्यातलं हे सुपे. आज ते बारामती तालुक्यात आहे. पूर्वी भीमथडी तालुक्यात होतं. गाव बाजारपेठेचं. चहाच्या टपऱ्या, खताची दुकानं, मोबाइलचे फलक, कांद्याच्या गोण्या. १२ मे १८७५ ह्या बाजाराच्या दिवशी आसपासच्या गावांतले शेतकरी इथे जमले आणि सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. त्यांना हवे होते कागद. कर्जाची खतं, गहाणखतं, हिशेबाच्या वह्या. जिथे मिळाल्या तिथे त्यांनी त्या जाळल्या. माणसांना मारण्यावर रोख नव्हता, कागदावर होता. तिथून हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या गावांत पसरलं. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांना कर्जातून दिलासा देणारा खास कायदा केला.

दंगा सावकाराविरुद्ध झाला हे खरं. पण सावकाराच्या दारात शेतकऱ्याला नेऊन उभं करण्यात शेतसाऱ्याचा हात होता. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी चालली, तिथला कापूस थांबला आणि इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्याच तेजीच्या शेपटाला, १८६७ मध्ये, इंदापूर तालुक्यातल्या जमिनीची फेरआकारणी झाली आणि एकूण सारा जवळपास दीडपट झाला. मग भाव कोसळले, सारा मात्र वरच राहिला. पुण्याच्या सार्वजनिक सभेने ह्यावर आवाज उठवला. आयोगातला एक इंग्रज सदस्य, ऑकलंड कॉल्व्हिन, ह्यानेही वेगळं टिपण जोडून वाढीव साऱ्यावर बोट ठेवलं. पुढे महात्मा फुल्यांनी १८८३ मध्ये पूर्ण केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये ह्या साऱ्याची आणि तो वसूल करणाऱ्या खात्यांची कातडी सोलली आहे.

सुप्याच्या टपरीवर चहा घेताना शेजारी बसलेल्या एका आजोबांना विचारलं, इथं पूर्वी दंगा झाला होता म्हणतात, ठाऊक आहे का? म्हणाले, “वह्या जाळल्या ते? आमच्या पणज्याच्या वेळंचं. वह्या जाळून कर्ज जातंय व्हय? वही सावकाराच्या डोक्यात असती.” मी ते वाक्य टिपून घेतलं. वही कोणाच्या डोक्यात असते, हा ह्या सगळ्या प्रवासाचाच प्रश्न होता.

मोरगावला मयूरेश्वराचं दर्शन घेऊन दुपारी बारामतीत आलो. गावातून नीरेचा डावा कालवा वाहतो. भाटघरच्या धरणाबरोबर तो खणला गेला आणि १८८५ च्या सुमाराला त्यातून पाणी सुटलं. १८७६-७७ च्या दुष्काळात ज्या टापूची धूळधाण उडाली, त्यातल्या कालव्याखालच्या गावांत नंतर ऊस उभा राहिला. बारामतीची आजची श्रीमंती पाहायची तर सुरुवात ह्या कालव्याच्या काठावर उभं राहून करावी.

एमआयडीसी भिगवण रस्त्यावर आहे. रुंद रस्ते, दुतर्फा झाडं, दुपारी तीनच्या पाळीला येणाऱ्या बस. पियाजिओच्या तीनचाकी रिक्षा, ज्या अख्ख्या देशात ‘आपे’ म्हणून धावतात, त्या इथे बनतात. डायनॅमिक्सचा दुधाचा मोठा कारखाना इथे आहे, भारत फोर्ज आहे, फेरेरोची चॉकलेटं इथून निघतात. पलीकडे विद्या प्रतिष्ठानचा परिसर, विमानतळ. राज्यात औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजेच एमआयडीसी, स्थापन झालं ते १९६२ साली, १९६१ च्या कायद्याखाली. ह्या कायद्याने सरकारला उद्योगासाठी जमीन संपादन करायचा अधिकार दिला. त्या अधिकाराच्या मुळाशी जो विचार आहे तो सरळ बेंथॅमच्या घरचा आहे: काही जणांची शेतं जातील, पण हजारोंना काम मिळेल, माल बनेल, कर येईल. वजाबाकी केली तर बाकी सुखाची.

आणि ती बाकी खरोखर दिसते. पाळी बदलताना फाटकाबाहेर उभा राहिलो होतो. विशी-पंचविशीतली मुलं, पाठीवर पिशव्या, गळ्यात ओळखपत्रं, मुलीही पुष्कळ. इंदापूर, दौंड, फलटण, करमाळा, कुठून कुठून आलेली. त्यांच्या आयांनी दुष्काळी कामावर खडी फोडली असेल. ह्या मुलांच्या चेहऱ्याकडे पाहून ‘हा हिशेब खोटा आहे’ असं म्हणायला माझी जीभ रेटणार नाही.

त्यातल्याच एकाशी बोलणं झालं. तो दुसऱ्या जिल्ह्यातला. इथे खोली घेऊन राहतो. त्याच्या आजोबांची सहा एकर जमीन त्यांच्या गावी एका प्रकल्पात गेली. तो रागावलेला नव्हता. म्हणाला, “रस्ता झाला, कारखाने आले, चांगलंच झालं सर. मलाही नोकरी त्याच्यामुळंच. फक्त आजोबांना एकदा येऊन विचारायला पाहिजे होतं. नोटीस आली ती इंग्रजीत. आमच्यात कुणाला वाचता येत नव्हती.”

रात्री बारामतीत मुक्काम केला. झोपेपर्यंत ती इंग्रजी नोटीस डोक्यातून गेली नाही.

दुसऱ्या दिवशी इंदापूरची गाडी धरली. हा रस्ता तुकोबांच्या पालखीचा. काटेवाडी, सणसर, भवानीनगरचा छत्रपती साखर कारखाना, बेलवाडी, जिथे पालखीचं गोल रिंगण होतं, मग लासुर्णे, अंथुर्णे, निमगाव केतकी. सुरुवातीला उसाची हिरवी भिंत असते. जसजसं पूर्वेला जावं तसतशी ती भिंत फुटत जाते आणि मधून मधून खरा इंदापूर दिसू लागतो: उघडी काळी रानं, भेगाळलेली, आणि त्यांच्यामध्ये माळाचे फिकट पट्टे. सह्याद्री अडवतो तो पाऊस इथपर्यंत पोचत नाही. पोचला तर दोन वर्षं पोचतो, तिसऱ्या वर्षी दगा देतो.

अंथुर्ण्याच्या पुढे एके ठिकाणी रस्त्याकडेला शेततळं खणायचं काम चाललं होतं. पोकलेन बाजूला उभं करून चालक झाडाखाली जेवायला बसला होता. मी गाडीतून उतरलो, कारण नेमकं हेच मला पाहायचं होतं. मालकाची परवानगी घेऊन खड्ड्यात उतरलो. कापलेल्या भिंतीत जमिनीचा सगळा जन्म दिसतो. वर काळी माती, खाली चुनखडीचे पांढरे खडे मिसळलेला पट्टा, त्याखाली पिवळट मुरूम, मग खडक. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचा हात मी भिंतीला लावला. काळी माती एक हात भरली.

ही हाताने मोजायची रीत माझी नाही. ती इथल्याच जमिनीवर घडली. ती कशी घडली हे सांगायला मात्र आधी एक फसलेली पद्धत सांगावी लागेल.

पेशवाई १८१८ मध्ये बुडाली. इंदापूर परगण्याने होळकरांच्या स्वारीचे आणि १८०३-०४ च्या दुष्काळाचे तडाखे खाल्ले होते, गावंच्या गावं ओस पडली होती. नव्या मुलखाचा इंग्रज कारभारी एल्फिन्स्टनने जुनी घडी शक्य तेवढी तशीच ठेवली. पण लंडनमध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या कचेरीत १८१९ पासून बेंथॅमचा जवळचा शिष्य जेम्स मिल महसुलाचा पत्रव्यवहार सांभाळत होता. हिंदुस्थानचा मोठा इतिहास त्याने १८१७ मध्ये लिहिला होता, हिंदुस्थानात एकदाही पाऊल न टाकता. आणि न आल्यामुळे आपल्याला निःपक्ष लिहिता आलं असं त्याने प्रस्तावनेत मांडलं होतं. त्याचा मुलगा जॉन स्टुअर्ट मिल, ज्याच्या ‘ऑन लिबर्टी’ने आपल्या आगरकरांना वेड लावलं, तोही १७ व्या वर्षी ह्याच कचेरीत चिकटला आणि कंपनी संपेपर्यंत, ३५ वर्षं, तिथेच होता.

जेम्स मिलकडे साऱ्याचा एक सिद्धान्त होता. तो मुळात डेव्हिड रिकार्डोचा. सगळ्यांत हलक्या जमिनीत जे पिकतं त्यात बियाणं, बैल, मजुरी आणि थोडा नफा एवढंच निघतं. त्याहून सकस जमिनीत तेवढ्याच कष्टात जास्त पिकतं. हे जे जास्तीचं, ते कुणाच्या घामाचं नाही, मातीच्या गुणाचं. त्याला त्यांनी खंड म्हटलं. मिलचं म्हणणं, हा खंड सरकारने घ्यावा. त्याने कुणाच्या कष्टाला धक्का लागत नाही, धान्य महाग होत नाही, रिकामटेकडा जमीनदार पोसला जात नाही आणि सगळ्या समाजाचा खर्च भागतो. पुष्कळांचे पुष्कळ सुख, आणि झळ कुणालाच नाही. कागदावर ह्याहून सुंदर कर मी पाहिलेला नाही.

हा सिद्धान्त दख्खनमध्ये आणला रॉबर्ट कीथ प्रिंगल ह्या तरुण अधिकाऱ्याने. जन्म १८०२ चा. कंपनीच्या हेलीबरीच्या कॉलेजात तो माल्थसच्या हाताखाली अर्थशास्त्र शिकला होता. १८२० च्या दशकाच्या अखेरीस त्याने पुणे जिल्ह्यात पाहणी सुरू केली. शेताशेताची मोजणी. मातीचे वर्ग. प्रत्येक वर्गात किती पिकतं त्याचा अंदाज. त्यातून लागवडीचा सगळा खर्च वजा. उरलं ते निव्वळ उत्पन्न. त्यातले शेकडा ५५ सरकारचे.

१८३० मध्ये इंदापुरात हा सारा लागू झाला आणि थोड्याच वर्षांत तालुका उठला. लोकांनी जमिनी टाकल्या. कित्येक जण शेजारच्या संस्थानी मुलखात निघून गेले. वसुलीसाठी कुणबी माणसाचे कसे हाल केले गेले, ते पुढे मुंबई सरकारच्याच १८७२-७३ च्या प्रशासन अहवालाने लिहून ठेवलं आहे. काही भागांत लागवडीजोग्या जमिनीचा जेमतेम तिसरा हिस्सा कसला जात होता, हेही त्यातच आहे.

सिद्धान्त कुठे चुकला? मोजणीला लावलेले हाताखालचे लोक लाच खाऊन चांगली माती हलकी आणि हलकी चांगली लिहीत, हे एक कारण. धान्याचे भाव पडले, हे दुसरं. पण त्या खड्ड्यात उभं राहून मला तिसरं कारण जास्त खरं वाटलं. निव्वळ उत्पन्न ही वस्तू इंदापुरात ठरावीक नसतेच. ह्या एक हात काळ्या मातीत ज्या साली हस्ताचा पाऊस पडला त्या साली ज्वारी डोक्यावर जाते, आणि ज्या साली नाही त्या साली बी सुद्धा परत येत नाही. बेंथॅमच्या सात मापांत ‘खात्री’ हे एक माप होतं. प्रिंगलच्या वहीत सरासरी होती, खात्री नव्हती. सरासरी सरकारला पुरते. कुणब्याला एकेक साल जगून काढावं लागतं. आणि शेताचा दर वर्षीचा खरा आकडा ज्याच्या डोक्यात होता, त्या माणसाचं म्हणणं त्या वहीच्या कुठल्याच रकान्यात नव्हतं.

आपल्याकडे ह्यावर जुनी तोड होती. ओसाड जमीन वहितीला आणायची तर मराठी अंमलात इस्ताव्याने देत: पहिल्या साली नाममात्र सारा, मग दर साली थोडा थोडा चढता, बऱ्याच वर्षांनी पूर्ण. त्यामागे ग्रंथ नव्हता. माणूस आधी टिकला पाहिजे, मग सारा, एवढी जाण होती. इंदापूरची गावं पूर्वी वसली होती ती ह्या जाणिवेवर.

१८३५ मध्ये इंदापूरची घडी पुन्हा बसवायला दोन तरुण आले. हेन्री गोल्डस्मिड, वय २३, आणि लष्करी इंजिनिअर लेफ्टनंट जॉर्ज विंगेट. त्यांनी निव्वळ उत्पन्नाचा पाठलाग सोडून दिला. हवामान, बाजारापासूनचं अंतर आणि शेतीची स्थिती ह्यांवरून गावांचे गट केले. त्या गटातून गेल्या कित्येक वर्षांत किती वसूल झाला, किती जमीन वहितीत होती, सारा कधी झेपला आणि कधी मोडला, ते दप्तरातून काढलं. त्यावरून एकूण झेपेल असा आकडा ठरवला, तोही हात राखून, आणि मग तो शेतांवर मातीच्या प्रतीप्रमाणे वाटून दिला. १८३६ पासून हा सारा ३० वर्षांसाठी कायम झाला. मधल्या काळात विहीर खणा, बांध घाला, त्याचा सारा वाढणार नाही. लोक परतले आणि पडीक रानं पुन्हा नांगराखाली आली. पुढे सबंध मुंबई इलाख्यात हीच पद्धत गेली.

मातीची प्रत लावायची त्यांची रीत १८४७ च्या संयुक्त अहवालात पक्की झाली. खड्डा खणायचा आणि हाताने खोली मोजायची. उत्तम काळी माती पावणेदोन हात खोल भरली तर ती सोळा आणे. दीड हात, चौदा आणे. सव्वा हात, बारा. एक हात, दहा. पाव हात असली तर साडेचार. मातीत चुनखडी, वाळू, उतार, पाण्याचा लोट असला दोष असेल तर एक वर्ग खाली. माझ्या समोरच्या भिंतीत एक हात माती होती, म्हणजे दहा आणे, आणि चुनखडी धरून आठ. मालकाला सांगितलं, तुमचं रान आठ आण्याचं भरलं. तो हसला नाही. जरा विचार करून म्हणाला, “बरोबर आहे. खालचं तुकडं बारा आण्याचं असंल. तिथं हरभरा पाण्याबगार येतो.” रुपयाचे सोळा आणे बंद होऊन साठ वर्षं उलटली, तरी मातीचा हिशेब त्याला आण्यांत पटकन कळला.

गोल्डस्मिड आणि विंगेट ह्यांना मी देव्हाऱ्यात बसवणार नाही. तेही सरकारचे नोकर होते, आणि त्यांनी घातलेली ३० वर्षांची मुदत संपताच, कापसाच्या तेजीत, तीच यंत्रणा दीडपट सारा घेऊन आली. सुप्याची होळी त्यानंतरची. पण प्रिंगल आणि हे दोघे ह्यांतला फरक मला फार मोलाचा वाटतो. एकाने सिद्धान्तातून आकडा काढला आणि तो गावावर बसवला. दुसऱ्यांनी गावाने आजवर काय सोसलं ते आधी वाचलं. न्यायमूर्ती रानड्यांनी १८९२ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात हिंदी अर्थशास्त्रावर भाषण केलं, त्यात विलायतेतली तत्त्वं जशीच्या तशी इथे लावण्याला त्यांनी हरकत घेतली. दख्खनच्या शेतकऱ्याची दशा त्यांनी जवळून अभ्यासली होती.

इंदापुरात मालोजीराजांची गढी पाहिली. ह्याच इंदापूरच्या लढाईत ते पडले. मग एका सेवा केंद्रात बसलेल्या माणसांचे सातबारे मागून पाहिले. गट क्रमांक, क्षेत्र हेक्टर-आर, पोटखराबा, आकार. ‘आकार’ म्हणजे त्या आकारणीचाच वंशज. आता आकडा काही रुपयांचा, भरला काय नि न भरला काय. गट क्रमांक १९४७ च्या तुकडेजोड कायद्यानंतरचे, पण त्यांच्या पोटात जुने सर्व्हे नंबर आहेत. मोजणीची जुनी साखळी ३३ फुटांची. तिचा चौरस म्हणजे गुंठा, ४० गुंठ्यांचा एकर. आज प्लॉटवाल्यांच्या तोंडी असलेला ‘गुंठा’ ही त्या मोजणीची आपल्या घरात राहिलेली खूण आहे.

टिळकांनी ‘गीतारहस्या’त पुष्कळांच्या पुष्कळ सुखाच्या ह्या मताची कसून झडती घेतली. त्यांनी दिलेला अमेरिकेतल्या ट्रामचा दाखला मला नेहमी आठवतो. लोकांच्या सोयीची ट्राम. परवानगीला उशीर होतोय म्हणून ती काढणाऱ्यांनी अधिकाऱ्यांना लाच दिली. ट्राम लवकर झाली, सगळ्यांचं सुख वाढलं. मग लाच चांगली का? टिळक म्हणतात, नुसत्या परिणामावर जाऊ नका, करणाऱ्याची बुद्धी पाहा. मला हे पटतं, पण पुरतं असं नाही. प्रिंगलची बुद्धी शुद्धच होती. त्याला रयतेचं भलंच करायचं होतं. चूक बुद्धीत नव्हती, विचारण्यात होती. ज्याच्या दुःखाचा आकडा वहीत मांडायचा, तो आकडा त्याच्या तोंडून यायला हवा. दुसऱ्याने अंदाजाने मांडलेला चालत नाही. मुळशीच्या मावळ्यांनी सेनापती बापटांबरोबर १९२१ मध्ये टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला तेव्हा त्यांनीही हेच मागितलं होतं. इंदापूरने ते त्याआधी ९० वर्षं गाव सोडून सांगितलं होतं.

परतीच्या वाटेवर पळसदेवला थांबलो. १९८० मध्ये उजनी धरण पुरं झालं आणि जुनं पळसदेव भीमेच्या फुगवट्यात गेलं. धरणाची साठवण ११७ टीएमसी. सोलापूर जिल्ह्याचं रान त्याने भिजवलं, आणि ते भिजलं हे चांगलंच झालं. पण इंदापूरच्या ज्या गावांनी काळी कसदार नदीकाठची जमीन दिली, त्यांच्याच तालुक्यातली पुष्कळ गावं अजून पाणी मागतात. २०२१ च्या एप्रिलमध्ये उजनीतून इंदापूरला पाच टीएमसी द्यायचं मंजूर झालं. सोलापुरात आंदोलन पेटलं, आणि मे महिन्यात तो आदेश रद्द झाला. दोन्हीकडे शेतकरीच होते. पुष्कळ कोण आणि थोडे कोण, हे ठरवायला रेघ कुठे ओढायची, ह्याचं उत्तर बेंथॅमच्या मापांत नाही.

मेमध्ये धरण मायनसमध्ये जातं, म्हणजे पाणी मृतसाठ्यात उतरतं, तेव्हा पळसनाथाचं जुनं मंदिर पाण्याबाहेर येतं. उघड्या गाळात लोक गाळपेर करतात. एका नावाड्याने मला मंदिरापर्यंत नेलं. शिखर अजून ताठ आहे, दगडांवर चिखलाचा राखाडी थर, खांबांवरचं कोरीवकाम बोटांना लागतं. परत येताना त्याने वल्हं थांबवून मोकळ्या पाण्याकडे हात केला. “तिथं आमचं रान. वडलांचं.” आणि त्याने सर्व्हे नंबर सांगितला, एकर-गुंठे सांगितले, शेजारचे बांधकरी दिशा धरून सांगितले. जमीन पाण्यात गेली तेव्हा तो आठ वर्षांचा होता. नंबर पाठ होता.

पळसदेवला जायचं असेल तर पहिल्या पावसाच्या आधी जा, पाणी चढायच्या आत. आणि नावेत बसलात की नावाड्याला त्याच्या रानाचा नंबर विचारा.